शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे : अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी पत्र कुणाकडे, कधी आणि कसे मागावे?

आपल्या समाजातील मुले-मुली आज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अकोला, यवतमाळ, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडत आहेत. त्यांतील अनेकजण घरातले पहिले डॉक्टर आहेत, काही तर घरातले पहिले पदवीधर. यांपैकी काहींना पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, म्हणजे रेसिडेन्सीसाठी अमेरिकेत जायचे असते. त्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षेची पुस्तके, प्रश्नपेढ्या, अभ्यासाचे वेळापत्रक याबद्दल माहिती आता बऱ्यापैकी मिळते. रात्रंदिवस अभ्यास करायची तयारी तर आपल्या मुलांची असतेच. पण अर्जाच्या एका टप्प्यावर ती हमखास अडखळतात. तो टप्पा म्हणजे शिफारसपत्र.

अडखळण्याचे कारण माहितीचा अभाव एवढेच नाही. 'शिफारस' या शब्दालाच आपल्याकडे वाईट वास आहे. शिफारस म्हणजे वशिला, शिफारस म्हणजे ओळख, शिफारस म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाने फोन फिरवणे, असेच आपण लहानपणापासून पाहिले. ज्यांच्याकडे वशिला नव्हता त्यांनी गुणांच्या बळावर पुढे जायचे, ही आपल्या घराघरातली शिकवण. मग ज्या सरांनी राउंडमध्ये चार वेळा झापले त्यांच्यासमोर उभे राहून 'माझ्यासाठी पत्र लिहा' म्हणायचे, हे अनेकांना हात पसरण्यासारखे वाटते. ते टाळतात, पुढे ढकलतात आणि शेवटच्या आठवड्यात ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून चार ओळींचा दाखला घेतात. तिथे नुकसान होते.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वशिल्यात तुमचे काम न पाहता तुम्हाला पुढे ढकलले जाते. शिफारसपत्रात तुमचे काम ज्याने पाहिले आहे तो त्याबद्दल साक्ष देतो. साक्षीदाराला साक्ष द्यायला बोलावणे ही लाचारी नाही. तुम्ही केलेल्या कामावर तो तुमचा हक्क आहे.

आपल्याकडे पत्र लागत नाही, तिकडे का लागते?

भारतात एमडी-एमएसची जागा नीट-पीजीच्या गुणांवर आणि क्रमांकावर मिळते. समुपदेशनाच्या फेऱ्यांत कुणी तुमच्या प्राध्यापकांचे मत विचारत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप या सबंध काळात शिफारसपत्र मागायची वेळच येत नाही. त्यामुळे मागायचे कसे हे मुलांना ठाऊक नसते आणि लिहायचे कसे हे बऱ्याच प्राध्यापकांनाही ठाऊक नसते.

अमेरिकेत प्रत्येक रुग्णालयाचा प्रत्येक विषयाचा रेसिडेन्सी प्रोग्राम स्वतः अर्ज वाचतो, स्वतः मुलाखती घेतो आणि स्वतःची पसंतीची यादी करतो. उमेदवारही आपली यादी देतो. या दोन याद्यांची जुळणी एनआरएमपी ही संस्था संगणकाद्वारे करते. तिला 'मॅच' म्हणतात. मॅचचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो आणि बहुतेक ठिकाणी काम १ जुलैला सुरू होते. ही नोकरीसोबतची प्रशिक्षणाची जागा आहे. रेसिडेंटला पगार मिळतो, शिक्षण-शुल्क भरावे लागत नाही. म्हणजेच तिथला प्रोग्राम विद्यार्थी निवडतो त्याहून अधिक एक सहकारी निवडत असतो. रात्री तीन वाजता वॉर्डमध्ये हा माणूस कसा वागेल, चूक झाली तर लपवेल की सांगेल, परिचारिकांशी कसा बोलेल, हे त्यांना हवे असते. गुणपत्रिकेतून ते कळत नाही. सोबत काम केलेल्या डॉक्टरच्या पत्रातून कळू शकते.

यात आणखी एक बदल झाला. २०२२ पासून यूएसएमएलईच्या स्टेप १ परीक्षेचा निकाल गुणांत न देता फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. स्टेप २ सीकेचे गुण अजून दिसतात, पण पूर्वी स्टेप १ च्या मोठ्या आकड्यावर जो उमेदवार उठून दिसायचा त्याची ती वाट बंद झाली. अर्जातील बाकीच्या गोष्टींना, त्यात शिफारसपत्रांनाही, तेवढे अधिक महत्त्व आले. स्पर्धा किती आहे तेही पाहा. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयांत शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या उमेदवारांपैकी साधारण ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. म्हणजे १०० पैकी ४० हून अधिक जण रिकाम्या हाताने परतले. अशा ठिकाणी अर्जातला एकही कागद 'चालून जाईल' म्हणून सोडता येत नाही.

पत्राचा प्रवास कसा होतो?

रेसिडेन्सीचे अर्ज बहुतेक विषयांसाठी 'एरास' नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातात. ती अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना चालवते. भारतासारख्या देशांत शिकलेल्या डॉक्टरांना या प्रणालीत शिरण्यासाठीचा टोकन क्रमांक ईसीएफएमजीकडून घ्यावा लागतो.

प्रणालीत तुम्ही पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव, हुद्दा आणि ई-मेल नोंदवता. त्यावर एक विनंती-फॉर्म तयार होतो आणि त्यावर पत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो. हा फॉर्म तुम्ही सरांना किंवा मॅडमना द्यायचा. त्या क्रमांकाच्या आधारे पत्र ते स्वतः किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पोर्टलवर चढवते. उमेदवाराला स्वतः पत्र चढवता येत नाही. पत्र रुग्णालयाच्या किंवा विभागाच्या लेटरहेडवर असावे, त्यावर सही असावी आणि ते पीडीएफमध्ये असावे.

प्रणालीत तुम्ही कितीही पत्रे जमा करू शकता, पण एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ पत्रे जोडता येतात. बरेच प्रोग्राम ३ मागतात. कुठला प्रोग्राम किती आणि कुणाची पत्रे मागतो हे त्याच्या संकेतस्थळावर वाचावे. इंटर्नल मेडिसिनचे काही प्रोग्राम विभागप्रमुखाचे पत्र वेगळे मागतात. इमर्जन्सी मेडिसिनसारख्या विषयात ठरावीक नमुन्यातले मूल्यमापन-पत्र चालते, साधे पत्र पुरत नाही. तुमच्या महाविद्यालयाकडून जाणारे एमएसपीई हे कागदपत्र, ज्याला तिकडे 'डीनचे पत्र' म्हणतात, ते या चारांत मोजले जात नाही. ते निराळे.

वेळापत्रक साधारण असे असते. नव्या हंगामासाठी प्रणाली जूनच्या सुरुवातीला उघडते, सप्टेंबरमध्ये अर्ज भरता येतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्राम अर्ज पाहू लागतात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या वेळेवर पाहून घ्याव्यात. अर्ज दिल्यानंतर आलेले पत्रही जोडता येते, पण पहिल्या दिवशी अर्ज उघडणाऱ्याला ते दिसणार नाही. म्हणून पत्रे सप्टेंबरच्या आधी पोहोचली पाहिजेत असेच धरून चाला.

कुणाकडे मागावे?

इथे आपली मुले सर्वाधिक चुकतात. मोठे नाव शोधतात. अधिष्ठाता, विभागप्रमुख, एखादे प्रसिद्ध सर्जन. त्या मोठ्या माणसाने तुम्हाला दोनदा राउंडमध्ये पाहिलेले असते. तो काय लिहिणार? 'हा विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आहे. त्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.' असे पत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते, की लिहिणारा उमेदवाराला ओळखत नाही.

आता दुसरे पत्र पाहा. समजा, विदर्भातल्या एका रुग्णालयात पहाटे एक शेतमजूर पोटदुखीची तक्रार घेऊन आला. अंगावर जखम नाही. ड्युटीवरच्या इंटर्नच्या लक्षात आले की त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत आहेत. तिने विचारले, रात्री झोपलात कुठे? जमिनीवर. मण्यार चावली असावी अशी शंका तिने तत्काळ वरिष्ठांना सांगितली, श्वासावर लक्ष ठेवले आणि प्रतिसर्पविष सुरू होईपर्यंत रुग्णाजवळून हलली नाही. हे सगळे त्या रात्री हजर असलेल्या सहयोगी प्राध्यापकांनी पत्रात लिहिले, तर न्यूयॉर्कमधल्या वाचणाऱ्याला मण्यार म्हणजे काय हे माहीत नसले तरी ही मुलगी कोणत्या जातकुळीची डॉक्टर आहे हे कळते.

म्हणून निवडीचा नियम सोपा आहे : ज्याने तुमचे काम जवळून पाहिले तो पहिला, ज्याचा हुद्दा मोठा तो नंतर. दोन्ही एकाच माणसात मिळाले तर उत्तमच. त्यातही ज्या विषयात रेसिडेन्सी हवी त्या विषयातले किमान दोन लेखक असावेत. मेडिसिनसाठी अर्ज करणाऱ्याने तीनही पत्रे शल्यचिकित्सकांची जोडली तर वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच. संशोधनात मार्गदर्शन केलेल्या प्राध्यापकांचे एखादे पत्र चालते, पण रुग्णासमोरच्या कामाबद्दल बोलणाऱ्या पत्रांची जागा ते घेऊ शकत नाही.

अमेरिकेतील डॉक्टरांचे पत्र असलेच पाहिजे का? बरेच प्रोग्राम तिथल्या रुग्णालयातील अनुभवाला आणि तिथल्या डॉक्टरांच्या पत्राला वजन देतात, हे खरे आहे. विद्यार्थी असताना केलेले इलेक्टिव्ह, ज्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासता येतो, आणि पदवीनंतरचे ऑब्झर्वरशिप, ज्यात बहुधा फक्त पाहता येते, यांत फरक आहे. पहिल्यातून मिळालेले पत्र अधिक बोलके असते, कारण लिहिणाऱ्याने तुमचे हात चालताना पाहिलेले असतात. त्यामुळे शक्य असेल त्याने इंटर्नशिप संपण्याआधीच इलेक्टिव्हची चौकशी करावी. पण विमानभाडे, राहणे, शुल्क हा खर्च लाखांत जातो आणि तो प्रत्येक घराला झेपत नाही. ज्यांना एकच महिना जाणे शक्य आहे त्यांनी तो महिना एकाच डॉक्टरसोबत घालवावा. चार ठिकाणी आठवडा-आठवडा फिरून चार अनोळखी पत्रे आणण्यापेक्षा एक ओळखीचे पत्र बरे. आणि इथल्या वॉर्डमधले एक तपशीलवार पत्र तिथल्या कोरड्या पत्रापेक्षा कमी नसते, हेही लक्षात ठेवा.

कधी आणि कसे मागावे?

पोस्टिंग संपण्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे तुमचे काम त्यांच्या डोळ्यांसमोर ताजे असताना बोला. अर्ज एक-दोन वर्षांनी करायचा असला तरी तेव्हाच सांगून ठेवा. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये पुन्हा भेटा, आणि फॉर्म तयार झाला की जून-जुलैमध्ये हाती द्या. आधी शब्द, मग फॉर्म. अचानक ई-मेलमध्ये फॉर्म टाकून 'सर, प्लीज अपलोड' असे लिहू नका.

शक्य असेल तर समोरासमोर मागा. ओपीडीच्या गर्दीत नाही, राउंडच्या मध्येही नाही. वेळ मागून घ्या आणि सरळ बोला. उदाहरणार्थ :

"सर, मी पुढच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करते आहे. तुमच्या युनिटमध्ये मी दोन महिने काम केलं. माझ्या कामाबद्दल सविस्तर आणि ठाम पत्र लिहिता येईल, इतकं माझं काम तुम्हाला आठवतं का?"

या प्रश्नात एक सोय आहे. 'पत्र द्याल का?' असे विचारले की संकोचाने कुणीही हो म्हणते. 'सविस्तर आणि ठाम पत्र लिहिता येईल का?' असे विचारले की समोरच्याला प्रामाणिकपणे नाही म्हणायची वाट मिळते. कुणी आढेवेढे घेतले, 'बघू', 'नंतर ये', 'क्लार्ककडे एक फॉरमॅट आहे, तो घे' म्हणाले, तर त्याचा अर्थ ओळखा. आभार माना आणि दुसऱ्याकडे जा. कमकुवत पत्र नसलेलेच बरे.

हो मिळाले की एका फाइलमध्ये पुढील गोष्टी द्या :

१. तुमचा बायोडेटा, दोन पानांचा.
२. तुम्हाला हा विषय का निवडायचा आहे त्याचा मसुदा किंवा चार-पाच ओळी.
३. त्यांच्या हाताखाली तुम्ही कधी ते कधीपर्यंत, कोणत्या वॉर्डात काम केले त्याच्या तारखा.
४. त्यांनी पाहिलेल्या तीन-चार प्रसंगांची आठवण. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र कुठेही नको.
५. एराससाठीचा विनंती-फॉर्म, पोर्टलवर पत्र कसे चढवायचे त्याच्या सोप्या पायऱ्या आणि शेवटची तारीख. ही तारीख खऱ्या गरजेपेक्षा तीन-चार आठवडे आधीची सांगा.

आपल्या अनेक प्राध्यापकांनी असे पत्र कधी लिहिलेले नसते. त्यात काय अपेक्षित असते हे नम्रपणे सांगण्यात काही गैर नाही : साधारण एक ते दीड पान, सुरुवातीला 'मी या उमेदवाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखतो', मग प्रत्यक्ष पाहिलेले प्रसंग, मग बरोबरीच्या इंटर्नच्या तुलनेत हा कुठे बसतो, आणि शेवटी स्पष्ट शिफारस. एक जपायला हवे. तुमची जात, प्रवेशाचा प्रवर्ग, धर्म, लग्न झाले की नाही, यांपैकी काहीही त्या पत्रात येण्याचे कारण नाही. तुम्ही दिलेल्या फाइलमध्येही ते नको. घरातून पहिल्यांदा शिकून वर आलात ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली तर ती तुमच्या स्वतःच्या निवेदनात, तुमच्या शब्दांत सांगा. ती सांगायची की नाही हे तुम्ही ठरवायचे, दुसऱ्याने नाही.

नंतर दोन आठवडे आधी एक आणि आठवडाभर आधी एक, अशी सौम्य आठवण द्या. आठवण देणे म्हणजे पिच्छा पुरवणे नाही. कामाच्या रगाड्यात माणूस विसरतो. पत्र पोहोचले की आभार माना, आणि मार्चमध्ये निकाल काहीही लागो, तो त्यांना आधी कळवा. तुमच्यानंतर त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग होतो.

पत्र वाचायचा हक्क सोडावा का?

फॉर्म भरताना एक प्रश्न येतो : हे पत्र पाहण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेतील १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःबद्दलच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, त्यावरून हा प्रश्न आला. बहुतेक उमेदवार हक्क सोडतात, कारण उमेदवार वाचणार नाही हे माहीत असताना लिहिलेल्या पत्रावर प्रोग्राम अधिक विश्वास ठेवतात.

आपल्या मुलांना इथे धाकधूक वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. मागे काय लिहिले जाईल कोण जाणे! यावर उपाय हक्क राखून ठेवणे हा नाही. उपाय आधीच्या पायरीवर आहे. ज्याच्या हातात न वाचता पत्र सोपवण्याइतका विश्वास नाही, त्याच्याकडे पत्र मागूच नका.

'तूच लिहून आण, मी सही करतो'

हे वाक्य आपल्याकडच्या महाविद्यालयांत सर्रास ऐकू येते. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. त्याला वेळ नसतो, किंवा इंग्रजीत दीड पान लिहायचा कंटाळा असतो. पण तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेले पत्र हे साक्षीपत्र उरत नाही. शिवाय ते कळते. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे एकापुढे एक ठेवली की तेच शब्द, तीच वाक्ये, तीच ठेवण दिसते. आणि बनावट सही, दुसऱ्याच्या नावाने उघडलेला ई-मेल, खोटे लेटरहेड असे काही सापडले, तर ईसीएफएमजी त्याची गैरवर्तन म्हणून नोंद करू शकते. एवढ्या वर्षांचा अभ्यास एका कागदापायी धोक्यात घालू नये.

मग सरांना काय म्हणायचे? "सर, पत्र तुमच्याच शब्दांत असायला हवं असा तिथला नियम आहे. मी मुद्द्यांचा कागद करून देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल." बहुतेक जण याला तयार होतात. ते बोलतील आणि त्यांचा सहायक टंकलेखन करेल, हेही चालते. शब्द आणि मत त्यांचे असले पाहिजे.

दुसरा सापळा पैशाचा. 'ऑब्झर्वरशिप आणि हमखास पत्र' असे पॅकेज विकणारे दलाल आहेत. घरची जमीन किंवा दागिने मोडून असे पॅकेज घेण्याआधी तिथे जाऊन आलेल्या दोन-तीन डॉक्टरांशी बोला. हमखास पत्राची जो हमी देतो, त्याच्या पत्रात तुमच्या कामाबद्दल काही असण्याची शक्यता कमीच. शिवाय चांगले पत्र मिळवायला पैसे लागत नाहीत. परीक्षा, अर्ज, विमान, सगळ्याला पैसे लागतात. या एका बाबतीत पैसेवाल्या घरातला मुलगा आणि आपली मुलगी एकाच रेषेवर उभे राहू शकतात.

ज्यांनी आपल्याला पाहिलेच नाही त्यांचे काय?

आता अवघड प्रश्न. पत्र हे पाहिलेल्या कामावर अवलंबून असते, पण सगळ्यांचे काम सारखे पाहिले जाते का? २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शिक्षकांकडून पुरेसा वेळ आणि आधार मिळत नाही, मूल्यमापनात आपल्याला वेगळे वागवले जाते, अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी या समितीच्या अहवालात नोंदल्या आहेत. देशातील सर्वोच्च वैद्यकीय संस्थेबद्दलची ही नोंद आहे. जिथे 'कोट्यातला' म्हणून टोमणे मारले जातात, तिथे मुलगा मागच्या रांगेत उभा राहू लागतो, राउंडमध्ये प्रश्न विचारत नाही, आणि मग त्याचे काम पाहणारा साक्षीदारच उरत नाही.

ही लढाई संस्थेच्या पातळीवर लढावी लागेल आणि लढलीच पाहिजे. तक्रार समित्या, विद्यार्थी संघटना, कायदा यांचा वापर केला पाहिजे. पण सप्टेंबर कुणासाठी थांबत नाही. म्हणून तोवर काय करता येईल तेही सांगतो. एका युनिटचा दरवाजा बंद असेल तर दुसऱ्या युनिटचा वाजवा. ग्रामीण रुग्णालयातील, प्राथमिक आरोग्य केंद्रातील पोस्टिंगमध्ये वरिष्ठ कमी असतात आणि तुमचे काम त्यांना जवळून दिसते, ती संधी घ्या. नर्सिंग होममध्ये निवासी डॉक्टर म्हणून काम करत असाल तर तिथल्या सल्लागार डॉक्टरांचे पत्रही पत्रच असते. आणि राउंडमध्ये पुढच्या रांगेत उभे राहा. तुम्ही त्या जागेवर कुणाच्या मेहेरबानीने आलेला नाहीत.

इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन गोष्टी आठवाव्यात. विद्यार्थी भीमरावांचा अभ्यास जवळून पाहणारे केळुस्कर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरे दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला जाताना त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. दोन्ही वेळा शिफारस करणाऱ्याने काम पाहिले होते, आणि दोन्ही वेळा दार उघडल्यावर आत जाऊन उत्तरे बाबासाहेबांनाच द्यावी लागली. शिफारस घेतल्याने त्यांची विद्वत्ता तसूभरही उणी झाली नाही.

आपल्यातील डॉक्टरांना एक विनंती

आता आपल्या समाजात सहयोगी प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्थिरावलेले डॉक्टरही आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे : ज्याचे काम तुम्ही पाहिले नाही त्याला केवळ आपला म्हणून पत्र देऊ नका. तो पुन्हा वशिलाच होईल, आणि एकदा तुमच्या शब्दाची किंमत गेली की पुढच्या दहा मुलांचे नुकसान. त्याऐवजी मुलांना तुमच्यासोबत काम करू द्या. महिनाभर ओपीडीत बसू द्या, केस मांडायला लावा, चुका दाखवा, छोट्या संशोधनात घ्या. मग जे पाहिले ते लिहा. जे परदेशात आहेत त्यांनी आपल्या रुग्णालयात एखाद्या मुलाला ऑब्झर्वरशिप मिळेल का याची चौकशी करावी, चार आठवडे राहायला घरातली एक खोली द्यावी. हजार भाषणांपेक्षा याचा उपयोग अधिक.

कार्यकर्त्यांनाही काम आहे. विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत नीटचे मार्गदर्शन होते, स्पर्धा परीक्षांचे होते. त्यातलाच एक रविवार वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ठेवा. मुलांना एकमेकांसमोर उभे करून पत्र मागण्याचा सराव करायला लावा. हसण्यावारी नेऊ नका. ज्या घरांत प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी यांची ये-जा असते तिथली मुले हे बोलणे जेवणाच्या ताटावर शिकतात. आपल्याला ते ठरवून शिकवावे लागेल.

आणि जे इंटर्न आज हे वाचत आहेत त्यांच्यासाठी एक छोटे काम. एक वही करा. रोज ड्युटी संपल्यावर दोन ओळी लिहा : आज कोणता रुग्ण पाहिला, काय केले, कुणी पाहिले. रुग्णाचे नाव लिहू नका. वर्ष संपेल तेव्हा तुमच्या पत्राचे अर्धे साहित्य त्या वहीत असेल, आणि पत्र कुणाकडे मागायचे या प्रश्नाचे उत्तरही त्याच पानांवर सापडेल.